कोस्किनेन, फोर्समान, यूर्यो-कोस्किनेन: उत्तरेकडची नावं वाचायची कशी

फिनलंडच्या एकोणिसाव्या शतकावर काही वाचायला घेतलं की तीन माणसं भेटतात. पहिले येओर्य साकारियास फोर्समान, जन्म वासा इथे, 10 डिसेंबर 1830. दुसरे यूर्यो कोस्किनेन, 1857 ते 1859 या काळात शेतकऱ्यांच्या बंडाचा इतिहास फिनिश भाषेत छापणारे. तिसरे बॅरन यूर्यो साकारी यूर्यो-कोस्किनेन, सिनेटर, फिनिश पक्षाचे पुढारी, मृत्यू हेलसिंकीत, 13 नोव्हेंबर 1903. तिघेही एकच. पण ग्रंथसूचीत ते तीन वेगवेगळ्या अक्षरांखाली विखुरलेले असतात, आणि एका जागी पाहून सूची मिटणाऱ्याला उरलेला माणूस सापडत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर या वस्तीतल्या जुन्या मराठी घरांना ही अडचण समजावून सांगावी लागू नये. घरात फाळके, शितोळे, काळे. दाखल्यावर फालके, शितोले, काले, कारण लिहिणाऱ्या कारकुनाच्या हिंदीत ळ नाही. फाळके सरदारांशी जोडला जाणारा बाजार पाटीवर फालका बाजार झाला. संस्थानिकांचं घराणं कागदोपत्री सिंधिया, आणि वस्तीचं नाव मात्र अजून शिंदे की छावनी. परका संशोधक आला तर ही दोन घराणी आहेत असं समजून दोन कप्पे करील. फिनलंडमध्ये हाच प्रकार काही शतकं चालला. फरक एवढाच की तिथल्या कारकुनाची भाषा स्वीडिश होती. 1809 मध्ये स्वीडनकडून देश रशियाच्या झारकडे गेला तरी कचेरी, न्यायालय, विद्यापीठ सगळीकडे स्वीडिशच राहिली. 1863 च्या हुकुमाने फिनिशला बरोबरीचं स्थान द्यायचं ठरलं, तेसुद्धा वीस वर्षांच्या मुदतीने. म्हणून जुन्या फिनिश कागदावरचं नाव हे त्या माणसाचं घरातलं नाव असेलच असं नाही. ते लिहिणाऱ्याच्या भाषेतलं नाव असतं. एवढं लक्षात ठेवलं की निम्मे गोंधळ आपोआप सुटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हा लेख.

आधी कोस्किनेन यांचंच नाव उलगडून पाहू, कारण त्यात फिनिशीकरणाच्या तिन्ही युक्त्या एकत्र सापडतात. स्वीडिश ‘फोर्स’ म्हणजे नदीचा खळाळता उतार. फिनिशमध्ये तोच ‘कोस्की’. ‘मान’ काढून ‘नेन’ हा फिनिश आडनावांचा नेहमीचा प्रत्यय लावला, झाला कोस्किनेन. म्हणजे आडनावाचं सरळ भाषांतर. ‘साकारियास’चं साकारी हे नुसतं आखूड करणं. आणि ‘येओर्य’चं यूर्यो हे भाषांतरही नव्हे आणि आखूड करणंही नव्हे. जॉर्ज या संताच्या नावाचं बोलीतलं स्वीडिश रूप योरान, ते मध्ययुगात फिनिश शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं आणि त्याचं यूर्यो झालं. म्हणजे त्यांनी नवं काही घडवलं नाही; खेड्यात शतकानुशतकं हाक मारायला वापरलेलं रूप उचललं. इंग्रजी पुस्तकांत त्यांना कधीकधी ‘जॉर्ज फोर्समन’ करतात, त्याकडे दुर्लक्ष करावं.

हे नाव आधी फक्त लेखनापुरतं होतं. सरकारदरबारी ते 1882 पर्यंत फोर्समानच. त्या वर्षी उमरावपद मिळालं आणि उमराव घराण्याला नाव लागतं, म्हणून टोपणनावच अख्खं आडनाव झालं: यूर्यो-कोस्किनेन, मध्ये जोडरेघ. त्यामुळे पूर्ण नाव होतं यूर्यो साकारी यूर्यो-कोस्किनेन. यूर्यो दोनदा येतं ते बरोबर आहे. छपाईतली चूक समजून दुसरं यूर्यो खोडणारे संपादक असतात, त्यांना आवरावं. 1897 मध्ये बॅरन झाले तरी नाव तेच राहिलं. संदर्भ देताना सोपा नियम असा: 1882 पूर्वीचं पुस्तक असेल तर मुखपृष्ठावर जे नाव असेल ते, म्हणजे बहुधा कोस्किनेन, त्याच काळातला सरकारी किंवा विद्यापीठाचा कागद असेल तर फोर्समान, 1882 नंतरचं सगळं यूर्यो-कोस्किनेन.

एकाच घरात सगळ्यांनी नाव बदललं असंही समजू नये. त्यांचे भाऊ याको फोर्समान कायदेपंडित होते, त्याच फिनिश चळवळीत होते, पण आडनाव जुनंच ठेवलं. आडनावावरून राजकारण ओळखायला जाल तर इथे फसाल.

इतिहासकार म्हणून त्यांचं मोठं काम म्हणजे 1596–97 मधल्या सोटेवाल्या शेतकऱ्यांच्या बंडाचा अभ्यास. पश्चिमेकडच्या ओस्त्रोबोथ्निया प्रांतातले कुळवाडी सैनिकांचा पोटखर्च भागवता भागवता टेकीला आले आणि क्लाउस फ्लेमिंग या सरदाराविरुद्ध उठले, हा विषय. विद्यापीठात इतिहास शिकवणं, 1869 पासून फिनिश लोकांच्या इतिहासाचं पाठ्यपुस्तक, 1875 मध्ये फिनिश इतिहास मंडळाच्या उभारणीत पुढाकार, मग सिनेट असा पुढचा प्रवास. अखेरच्या वर्षांत रशियाशी जुळवून घेण्याची भूमिका घेतली म्हणून टीकाही झाली. पण नावांच्या दृष्टीने मोलाचा आहे तो त्या बंडाचा म्होरक्या, याको इल्का, 1597 च्या जानेवारीत मारला गेला तो. त्याचं पूर्ण नाव फिनिशमध्ये याको पेन्तिनपोइका इल्का आणि स्वीडिशमध्ये याकोब बेंग्त्सोन इल्का. याको हे स्वतःचं. पेन्ती म्हणजे बेंग्त, बापाचं नाव. ‘पोइका’ आणि ‘सोन’ दोन्हींचा अर्थ मुलगा. इल्का हे आडनाव नव्हे. ते इल्मायोकी गावातल्या त्याच्या शेतवाडीचं नाव. शेतवाडी बदलली असती तर तो भागही बदलला असता.

आडनाव म्हणजे जागा, की रक्त?

मराठी वाचक अडखळतो तो नेमका इथेच. आपलं ‘कर’ही जागाच सांगतं, पण सोडून आलेली. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर, आणि इंदूरला गेल्यावरही होळकरच. पश्चिम फिनलंडात आणि नॉर्वेत शेतवाडीचं नाव म्हणजे आत्ता जिथे राहतो ती जागा. जावई सासरच्या शेतावर राहायला गेला की त्याला त्या शेताचं नाव लागायचं. त्यामुळे एकाच माणसाला चाळिशीपर्यंत तीन ‘आडनावं’ असू शकतात आणि सख्ख्या भावांची वेगवेगळी असू शकतात. उलट एकाच शेतावर एकापाठोपाठ आलेली, रक्ताने काही नातं नसलेली दोन कुटुंबं एकाच नावाने नोंदलेली असतात. वंशवेल काढताना सर्वांत जास्त चुका होतात त्या याच जागी.

पूर्व फिनलंडात, म्हणजे सावो आणि करेलियात, गोष्ट उलटी. तिथे ‘नेन’ने संपणारी आडनावं बापाकडून मुलाकडे जात होती आणि सोळाव्या शतकातल्या करवह्यांत ती दिसतात. जंगल जाळून शेती करणारी, सतत जागा बदलणारी माणसं. शेतवाडीचं नाव त्यांच्या काय कामाचं? बायकांचं आडनाव जुन्या नोंदींत ‘तार’ने संपतं: पुरुष कोर्होनेन, तर बाई कोर्होतार. नोंदवहीत कोर्होतार दिसलं म्हणून ते वेगळं घराणं धरू नये.

‘नेन’ दिसलं की माणूस पूर्वेकडचा, हा ठोकताळा मात्र कोस्किनेन यांच्यापाशीच मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडच्या लोकांनी निसर्गातला एखादा शब्द घेऊन त्याला ‘नेन’ लावायची पद्धत उचलली. विर्ता म्हणजे प्रवाह, त्यावरून विर्तानेन. निएमी म्हणजे पाण्यात शिरलेलं भूशिर, त्यावरून निएमिनेन. मॅकी म्हणजे टेकडी, मॅकिनेन. म्हणून ‘नेन’च्या आधी नदी, टेकडी, भूशिर असं काही सहज ओळखू येत असेल तर ते नाव बहुधा नवं आणि पश्चिमेचं. तसं काही ओळखू येत नसेल, कोर्होनेन किंवा रॅसॅनेनसारखं, तर बहुधा जुनं आणि पूर्वेचं. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण नोंदवही कुठल्या प्रांतातली उघडायची हे ठरवायला पुरतो.

नाव बदलण्याची खरी लाट आली ती 1906 मध्ये. फिनिश चळवळीचा मोठा विचारवंत स्नेलमान याची शताब्दी 12 मे 1906 ला होती. त्या दिवशी आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात हजारो घरांनी स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. सरकारी राजपत्रात याद्याच्या याद्या छापल्या गेल्या. कुणी भाषांतर केलं. कुणी जुन्या शेतवाडीकडे परतलं: चित्रकार आक्सेली गालेन याने घराण्याच्या शेताचं कालेला हे नाव जोडून गालेन-कालेला केलं. लाटेच्या आधीही काहींनी बदललं होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला पासिकिवी जन्माने हेल्स्तेन. ‘हेल’ आणि ‘पासी’ दोन्ही म्हणजे दगडाची फरशी, ‘स्तेन’ आणि ‘किवी’ म्हणजे दगड. त्यामुळे 1906 च्या आधी फिनिश नाव सापडेनासं झालं तर राजपत्रातल्या याद्या आधी पाहाव्यात आणि जुनं स्वीडिश नाव तिथून उचलावं. भाषांतर करून अंदाजाने जुनं नाव ‘शोधून काढणं’ हा हमखास चुकीचा रस्ता, कारण कोस्किनेन झालेल्या प्रत्येकाचं मूळ फोर्समान नव्हतं. आणि आडनाव असायलाच हवं असा फिनलंडचा कायदा 1920 चा आहे, हेही ध्यानात असावं. त्याआधी एखाद्याच्या नोंदीत आडनाव नसेल तर नोंद अपुरी नाही. त्याला आडनावच नव्हतं.

चर्चची वही उघडल्यावर

1686 च्या स्वीडिश चर्च कायद्याने पाद्र्याला आपल्या हद्दीतल्या घराघराची नोंद ठेवणं आलं. त्या वह्यांत गाव, गावात शेतवाडी, शेतवाडीत कुटुंब अशी मांडणी असते. माणसांची नावं अकारविल्हे लावलेली नसतात. त्यामुळे नावावरून शोध सुरू करणं हा सगळ्यात लांबचा रस्ता. आधी जागा निश्चित करायची, आणि तीही दोन्ही भाषांत. तुर्कू म्हणजे ओबो, हेलसिंकी म्हणजे हेल्सिंगफोर्स, इल्मायोकी म्हणजे इल्मोला. आपल्याकडे ग्वाल्हेर आणि ग्वालियर निदान एकमेकांना ओळखतात तरी. तुर्कू आणि ओबो यांच्यात एकही अक्षर जुळत नाही. वासाचं आणखी निराळं: 1852 मध्ये शहर जळलं, काही किलोमीटर दूर समुद्राकडे नव्याने वसलं, आणि 1855 पासून त्याचं अधिकृत नाव झारच्या नावावरून निकोलाइस्ताद झालं, ते 1917 पर्यंत. कोस्किनेन यांचा जन्म 1830 चा, म्हणजे जळालेल्या जुन्या वासातला. आजच्या वासातल्या रस्त्यांत त्यांचं जन्मघर शोधण्यात अर्थ नाही.

जागा ठरली की नाव स्वीडिशमध्ये उलटवायचं. हेइक्की असेल तर वहीत हेन्रिक, मात्ती असेल तर मात्स, अन्ती म्हणजे आन्देर्श, युहो म्हणजे योहान, पावो म्हणजे पोल, लाउरी म्हणजे लार्श, तापानी म्हणजे स्ताफान, ओली म्हणजे ओलोफ. बायकांत लीसाची एलिसाबेत, रीताची ब्रीता, काइसाची कारिन. घरात या माणसांना कुणीही मात्स किंवा लार्श म्हणून हाक मारली नसेल. त्यामुळे चरित्रात शेतकऱ्याचं नाव लिहिताना फिनिश रूप घ्यावं आणि वहीतलं रूप एकदाच, पहिल्या उल्लेखापाशी द्यावं.

मग बापाचं नाव. फिनिशमध्ये ते षष्ठीत येतं आणि षष्ठीत शब्दाचं पोट बदलतं: मात्ती, पण मातिनपोइका, हेइक्की, पण हेइकिनपोइका, दुहेरी व्यंजनातलं एक गळतं. नेन-प्रत्ययाचं ‘से’ होतं: कोस्किनेन यांचं पुस्तक म्हणजे कोस्किसेन पुस्तक. इंग्रज वाचक इथे हमखास घसरतो आणि ‘कोस्किसेन’ नावाचा नवा लेखक निर्माण करतो. शिंदे – शिंद्यांचा, तांबे – तांब्यांची असं सामान्यरूप जन्मापासून बोलणाऱ्या मराठी माणसाने तरी ही चूक करू नये. ग्रंथालयाच्या संगणकात शोधताना म्हणूनच पूर्ण आडनाव न देता ‘कोस्कि’ एवढंच देऊन पाहावं.

मुलीच्या नावामागे ‘दोत्तेर’ असतं आणि पाद्री ते पूर्ण लिहीत नाही; नावाच्या शेपटाला डी आणि आर एवढीच दोन अक्षरं जोडलेली असतात. ती निसटली की मात्सची मुलगी ‘मात्स’ नावाचा पुरुष होऊन बसते. आणि ब्रीता मात्सदोत्तेर लग्नानंतरही ब्रीता मात्सदोत्तेरच राहते. सून घरात आली की आडनावच काय, कधीकधी नावही बदलायची आपली रीत. त्यामुळे नवरा-बायकोची नावं जुळत नाहीत हे पाहून मराठी वाचक पान चुकलं असं समजतो. पान बरोबर असतं. फिनलंडात नवऱ्याचं आडनाव लावण्याची सक्ती कायद्याने आली ती 1930 पासून, आणि 1985 च्या कायद्याने ती गेली.

एकाच आईबापांना दोन योहान दिसले तर पहिला बहुतेक वेळा लहानपणीच वारलेला असतो आणि त्याचंच नाव पुढच्याला दिलेलं असतं. म्हणून जन्मनोंद सापडली की लगेच आनंद मानू नये. त्याच घराची मृत्यूनोंद पाहावी. नाही तर मेलेल्या मुलाची जन्मतारीख जिवंत माणसाला चिकटते, आणि ही चूक इतकी पसरलेली आहे की छापील वंशावळींतही सापडते. तारखांचं आणखी एक सांगायला हवं. स्वीडन आणि फिनलंड यांनी नवं पंचांग 1753 मध्ये घेतलं. 17 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला. त्याआधी 1700 मध्ये एक अर्धवट प्रयोग फसला होता, तो निस्तरायला 1712 मध्ये 30 फेब्रुवारी हा दिवस आला. त्या तारखेची जन्मनोंद दिसली तर ती पाद्र्याची डुलकी नव्हे. पुढे रशियाच्या राज्यात जुनं पंचांग चालू असलं तरी फिनलंडने नवं सोडलं नाही. त्यामुळे कोस्किनेन यांच्या तारखांत बारा-तेरा दिवस मिळवण्याचा उद्योग करू नये.

स्वीडनचे शिपाई, पाद्री आणि बाकीचे शेजारी

स्वीडनमध्ये खेड्यातली माणसं बापाच्या नावावर भागवत होती. प्रश्न आला सैन्यात. 1682 पासून दर काही शेतवाड्यांच्या गटाने मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला घर आणि जमिनीचा तुकडा द्यायचा, अशी व्यवस्था बसली. पायदळाच्या एका कंपनीत 150 माणसं, आणि त्यात आन्देर्श आन्देर्शोन किती असतील कोण जाणे. हाक मारली की चार जण पुढे येणार. म्हणून भरतीच्या वेळी आखूड, एका दमात उच्चारता येणारं नाव मिळे: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, शोल्द म्हणजे ढाल, स्वॅर्द म्हणजे तलवार. लष्कर या वस्तीच्या नावातच फौज आहे, तिथल्या माणसाला यात नवल वाटू नये. नवल पुढे आहे. हे नाव पुष्कळदा माणसाचं नसून जागेचं असायचं. एक शिपाई मेला किंवा निवृत्त झाला की त्याच घरात आलेल्या नव्या शिपायाला तेच नाव. म्हणून एकाच घरात पाठोपाठ आलेले तीन रास्क बाप-मुलगा-नातू आहेत असं धरणं धोक्याचं. शिपायाचा माग काढायचा तो नावाने नव्हे, रेजिमेंट, कंपनी आणि गटाच्या क्रमांकाने.

शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी. विद्यापीठात नाव घालताना लॅटिन शेपूट लावायचं. निल्स इंगेमार्शोन या शेतकऱ्याच्या मुलाने घरच्या जमिनीतल्या मोठ्या लिंडेन झाडावरून लिनेयुस हे नाव घेतलं. वनस्पतींना नावं देणारा कार्ल लिनेयुस, जन्म 1707, त्याचाच मुलगा. उमराव झाल्यावर तो फोन लिने झाला. आपल्या ज्ञात जगातल्या रोपट्यांची नावं ठरवणाऱ्याचं स्वतःचं नाव एका पिढीपूर्वी अस्तित्वातच नव्हतं, ही गोष्ट मला फार आवडते. संगीतकार सिबेलियुस याचं आडनावही असंच, सिब्बे या फिनलंडमधल्या शेतवाडीला लॅटिन झालर लावून झालेलं. ‘आन्देर’ने संपणारी नावंही याच वर्गातली, फक्त झालर ग्रीक.

डेन्मार्कचं थोडक्यात आटपतं. 1828 च्या हुकुमाने बाप्तिस्म्याच्या वेळीच घराण्याचं आडनाव ठरवायला सांगितलं, लोकांनी बापाचंच नाव गोठवून टाकलं, आणि देश येन्सेन, निल्सेन, हान्सेन यांनी भरून गेला. त्यामुळे बाईचं आडनावही ‘सेन’, म्हणजे मुलगा. नॉर्वेत आडनावाचा कायदा 1923 चा. तिथे काहींनी बापाचं नाव गोठवलं, काहींनी शेतवाडीचं. नॉर्वेच्या शेतवाड्यांच्या नावांवर ओलूफ रीघ याने सुरू केलेलं, 1897 पासून खंडाखंडाने छापलेलं काम आहे. त्याशिवाय नॉर्वेजियन आडनावाचा उगम सांगायला बसू नये. शेवटच्या अवयवावरून वय कळतं: ‘हेइम’ फार जुनं, ‘स्ताद’ आणि ‘लांद’ साधारण व्हायकिंग काळातलं, ‘रूद’ म्हणजे जंगल तोडून काढलेली मोकळी जागा, ते मध्ययुगातलं. हाउगेन म्हणजे ढिगारा, बाकेन म्हणजे चढ. अशा नावांच्या शेतवाड्या जागोजागी आहेत, म्हणून दोन बाकेन एकमेकांचे नातलग असण्याची शक्यता दोन पाटलांइतकीच.

आइसलंड मात्र आडनावांच्या फंदात पडलंच नाही. 1925 च्या कायद्याने नवी आडनावं घ्यायला बंदी केली. तिथे दुसरं नाव बापाचं, आणि तेही सामान्यरूपात: स्तुर्लाचा मुलगा म्हणून स्नोरी स्तुर्लुसोन, मध्ययुगातला मोठा इतिहासकार, 1179 ते 1241. त्याच्या बापाचं नाव स्तुर्ला थोर्दारसोन आणि इतिहास लिहिणाऱ्या पुतण्याचं नावही स्तुर्ला थोर्दारसोनच, कारण आजोबांचं नाव नातवाला. आपल्याकडच्या घरांतही हेच चालतं, म्हणून मराठी वाचकाला कारण लगेच कळतं. तरी तळटीप देताना दोघांत गल्लत होतेच. जन्म-मृत्यूची सालं सोबत द्यावीत, दुसरा इलाज नाही. आइसलंडच्या माणसाचा उल्लेख नेहमी स्वतःच्या नावाने करावा. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांना ‘श्रीमती फिन्बोगादोत्तिर’ म्हणणं म्हणजे भास्कर रामचंद्र तांबे यांना ‘श्री. रामचंद्र’ म्हणून बोलावणं. सूचीतही त्या विग्दिस म्हणूनच लावायच्या.

तांब्यांच्या नावावरून दुसरा सापळा आठवला. तीन पदी नाव दिसलं की मधलं बापाचं, ही आपली सवय इथे हाडात मुरलेली. डेन्मार्कचे पंतप्रधान झालेले लार्स लोके रासमुसेन यांच्यात ‘लोके’ बापाचं नाव नाही, ते मधलं कुलनाम. हान्स क्रिस्तियान हे दोन्ही शब्द मुलाचंच नाव असतं. यूर्यो साकारीतलं साकारीही त्यांचं स्वतःचंच. चरित्रनोंदीत ‘वडिलांचं नाव साकारी’ असं भरलं जाण्याआधी तपासावं.

थोर, सिगुर, ब्योर्न असल्या जुन्या नावांच्या अर्थांबद्दल एकच सांगतो, कारण मुलाचं नाव ठरवताना लोक संकेतस्थळांवरून अर्थ उचलतात. सिगुर्द म्हणजे विजय अधिक रक्षक, थोर्स्ताइन म्हणजे थोर देव अधिक दगड, हारल्द म्हणजे सैन्य अधिक सत्ता, हे अवयव खरे. पण दोन अवयव जोडून वाक्य तयार करू नये. घराण्यात बापाचा एक अवयव आणि आजीचा एक अवयव घेऊन नाव जुळवायची रीत होती. ‘थोर देवाचा दगड’ असा काही विचार त्यामागे असेलच असं नाही. ओलाफ या नावात पूर्वज आणि वारस असे दोन अवयव आहेत, आणि तो अर्थ व्हायकिंग काळातल्या ओलाफांनाही बहुधा ठाऊक नसावा.

देवनागरीत लिहिताना फिनिश नावांना त्रास कमी होतो. लॅटिन लिपीतली दुहेरी अक्षरं उच्चारात खरोखर लांबतात: तुली म्हणजे आग, तुल्ली म्हणजे जकात, तूली म्हणजे वारा. हा फरक देवनागरी चोख दाखवते, म्हणून द्वित्त गाळू नये. मात्तीला माती करू नये. ‘जे’ (j) हे अक्षर य म्हणून उच्चारतात, वायचा उच्चार ओठ ऊचे आणि जीभ ईची ठेवून होतो, आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. स्वीडिशमध्ये ए (e), इ (i) आणि टिंबवाल्या स्वरांपुढे ‘जी’चा (g) य होतो, म्हणून योरान, गोरान नव्हे.

सूची लावताना शेवटची काळजी वर्णक्रमाची. स्वीडिश आणि फिनिशमध्ये वर गोल असलेला ए, टिंबं असलेला ए आणि टिंबं असलेला ओ ही तीन अक्षरं झेडनंतर येतात. डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये तीच जागा वेगळ्या क्रमाने भरते: आधी जोडलेलं ए-ई, मग रेघ मारलेला ओ, शेवटी गोलवाला ए, आणि जुन्या लेखनात त्याच्या जागी दोन ए लिहितात. डॅनिश ओल्बोर्ग शहर दोन एंनी लिहिलेलं दिसलं म्हणून सूचीच्या पहिल्या पानावर शोधाल तर मिळणार नाही, ते शेवटच्या पानावर आहे. व्ही आणि डब्ल्यू स्वीडिश कोशांत 2006 पर्यंत एकच अक्षर धरत, म्हणून त्याआधीच्या सूचीत वालिन आणि त्याचे डब्ल्यूवाले भाऊबंद सरमिसळ लावलेले असतात. यूर्यो-कोस्किनेन हे वायखाली. तिथे न मिळाले तर केखाली, मग एफखाली.